पहिल्या खर्ड्यानंतर

आमच्याकडे कादंबऱ्यांची हस्तलिखितं नेहमी येतात. बहुतेकांत जीव असतो. राहून गेलेला असतो तो पुनर्लेखनाचा हात. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः आली. छापून गेलेला हप्ता मागे घेता येत नसे. आज ती सवड लेखकाला आहे, तिचा उपयोग व्हावा, म्हणून हा अंक.

खर्डा काही आठवडे बाजूला ठेवा, मग मोठ्यानं वाचा. प्रत्येक प्रकरणात काय बदलतं, ते एका ओळीत लिहा. ओळ सुचली नाही, तर ते प्रकरण काढून पाहा. आधी बांधणी, मग वाक्यं, शुद्धलेखन शेवटी. ‘ती फार दुःखी झाली’ याऐवजी ‘तिनं वाढलेलं ताट तसंच झाकून ठेवलं’ लिहिलं, की दुःख सांगावं लागत नाही.

या अंकातले लेखक, संपादक आणि मुद्रितशोधक आपापली कामाची रीत उलगडून दाखवतात. नियमांपेक्षा प्रत्यक्ष खाडाखोड दाखवण्यावर आम्ही भर दिला आहे. तुमच्या लेखनातलं एखादं पान, आधीचं आणि नंतरचं, आम्हाला जरूर पाठवा. निवडक पानांवर पुढच्या अंकात सविस्तर बोलू.