सर्व्हर जर्मनीत, जबाबदारी शिरूरमध्येच




शिरूर आणि दौंड तालुक्यांत पतसंस्थांना तोटा नाही. त्यांच्या जोडीला दूध संकलन केंद्रं, दवाखाने, क्लासेस, आणि रांजणगाव-कुरकुंभच्या एमआयडीसीला कामगार पुरवणारे ठेकेदार आहेत. या सगळ्यांच्या संगणकात आपलं आधार, पॅन, खातं, सहीचा नमुना आणि वारसदाराचं नाव आहे. ही माहिती ठेवायची कुठे, हे बहुतेक वेळा सॉफ्टवेअर विकायला आलेला माणूसच ठरवून टाकतो. “सर्व्हर बाहेरच्या देशात आहे साहेब, स्वस्त पडतो, आणि इथल्या कायद्याची कटकट नाही,” एवढं ऐकलं की संचालक मंडळ खूश आणि ठराव मंजूर. त्या वाक्यातलं ‘स्वस्त’ हे अर्धसत्य आहे आणि ‘कटकट नाही’ हे धादांत खोटं, एवढंच मला मांडायचं आहे.

आधी खोट्याकडे पाहू. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले. माहिती कशासाठी आणि कशी वापरायची हे जी संस्था ठरवते, तीच या कायद्यापुढे उत्तरदायी असते. सर्व्हरवाल्याशी काहीही करार केलेला असो, ही जबाबदारी त्याच्या गळ्यात टाकता येत नाही. तिजोरी भाड्याच्या खोलीत ठेवली म्हणून ठेवीदाराचं देणं घरमालकाकडे जात नाही, तसंच हे. सुरक्षेची वाजवी काळजी घेतली नाही तर दंडाची कमाल मर्यादा 250 कोटी रुपये आहे. तालुक्यातल्या पतसंस्थेला एवढा दंड होईल असं मी म्हणत नाही. चूक किती गंभीर आणि किती काळ चालली, हे पाहूनच रक्कम ठरायची आहे. पण सर्व्हर फ्रँकफर्टला होता हा बचाव तिथे चालणार नाही. उलट सर्व्हर जर्मनीत असेल तर तो चालवणाऱ्या कंपनीला युरोपचा कायदाही लागू होतो. कटकट कमी होण्याऐवजी एकाच्या दोन होतात.

परदेशात माहिती ठेवणं हा गुन्हा आहे, असा उलटा समजही काही जण करून घेतात. तसं नाही. सरकार ज्या देशांवर निर्बंध घालेल ते सोडून इतरत्र माहिती पाठवायला या कायद्यात मुभा आहे. न्या. श्रीकृष्ण समितीने या कायद्याच्या 2018 च्या मसुद्यात माहितीची एक प्रत भारतात ठेवण्याची अट घातली होती. अंतिम कायद्यात ती सरसकट अट राहिली नाही.

“मुख्य तरतुदी मे 2027 पासून लागू होणार, तेव्हा बघू,” असं म्हणणारेही भेटतात. त्यांनी माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचे 2011 चे नियम वाचावेत. बँक खातं, आजार, बोटांचे ठसे अशी संवेदनशील माहिती दुसऱ्या देशात पाठवायची तर तिथे तितकंच संरक्षण हवं, असं ते आजही सांगतात. शिवाय ‘सर्ट-इन’ या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार तिला सायबर हल्ल्याची खबर 6 तासांत द्यावी लागते आणि यंत्रणेच्या नोंदी 180 दिवस जपाव्या लागतात. शनिवारी रात्री चोरी उघडकीला आली आणि सोमवारी संचालकांची बैठक बोलावली, तर मुदत कधीच टळलेली असते. त्या नोंदी दुसऱ्या देशातल्या कंपनीकडे असतील आणि ती ईमेललाही उत्तर देत नसेल, तर यवत किंवा शिरूर पोलिसांनी तपास करायचा कशाच्या आधारावर? परदेशातून अधिकृत पुरावा मागवायचा म्हणजे दोन सरकारांमधला पत्रव्यवहार आला.

आता स्वस्ताईबद्दल. मार्च 2021 मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएच या कंपनीचं डेटा सेंटर जळालं. युरोपातली ही मोठी कंपनी. तरीही ज्यांनी वेगळ्या ठिकाणी प्रत ठेवली नव्हती, अशा अनेक ग्राहकांची माहिती कायमची गेली. त्याहून जवळचं उदाहरण जुलै 2025 चं. गुजरातेतल्या वाडीनारला तेलशुद्धीकरण प्रकल्प असलेल्या नायारा एनर्जी या कंपनीवर युरोपीय संघाने निर्बंध लादताच मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबवल्या. कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं, मग सेवा पूर्ववत झाल्या. नायाराला वकील परवडतात. न्हावरे किंवा केडगावच्या संस्थेची सेवा अशी बंद पडली तर पिग्मी एजंट दुसऱ्या दिवशी कोणत्या यादीवरून वसुलीला निघणार? महिन्याला वाचणाऱ्या काहीशे रुपयांत हा खर्च कोणी धरलेला नसतो.

सर्व्हर भारतात आणला की सगळं सुरक्षित, हेही मी म्हणणार नाही. ऑगस्ट 2018 मध्ये कॉसमॉस बँकेतून सुमारे 94 कोटी रुपये गेले. बँक पुण्याची, हल्लेखोरांनी एटीएमच्या यंत्रणेत शिरून 28 देशांतून पैसे काढले. म्हणून सर्व्हरच्या पत्त्याइतकंच महत्त्वाचं आहे ते हे, की त्याची किल्ली कोणाकडे आहे, प्रत कुठे आहे आणि बिघाड झाला तर कोणत्या गावच्या कोर्टात कोणाला उभं करता येईल. जवळ सोय नाही ही सबबही जुनी झाली. मायक्रोसॉफ्टने 2015 मध्ये पुण्यात आणि ॲमेझॉनने 2016 मध्ये मुंबईत सर्व्हर भाड्याने देण्याची सेवा सुरू केली आहे.

मोठ्यांना जाब विचारणारं कोणीतरी असतं. पैशांच्या व्यवहारांची माहिती भारतातच ठेवा, हा 2018 चा आदेश पाळला नाही म्हणून रिझर्व्ह बँकेने जुलै 2021 मध्ये मास्टरकार्डला नवे ग्राहक घ्यायला बंदी केली होती. पतसंस्थांवर देखरेख असते ती सहकार खात्याच्या निबंधकांची. वसुली, तरलता, कर्जवाटप हे सगळं लेखापरीक्षणात पाहिलं जातं, तसंच सर्व्हरचा देश, करार आणि प्रतीची जागा हेही पाहिलं जावं. शिरूर आणि दौंडच्या निबंधक कार्यालयांनी यासाठी मुंबईच्या परिपत्रकाची वाट पाहू नये. ठेकेदारांकडच्या कामगारांचं काय, हा प्रश्न आणखी बिकट आहे. आधारची झेरॉक्स दिल्याशिवाय गेटपास मिळत नाही, म्हणून ते विचारूच शकत नाहीत. त्यांच्या वतीने कंपन्यांनी ठेकेदाराला विचारायला हवं.

सभासदांच्या हातात मात्र आजच एक हत्यार आहे. वार्षिक सर्वसाधारण सभा संस्थेला 30 सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. त्या सभेत लाभांशाचा विषय झाला की चहाला उठू नका. आमची माहिती कोणत्या देशात आहे, करार कोणाशी आहे, तो मोडला तर माहिती परत कशी मिळणार, हे लेखी विचारा आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्या.

आपला,
एका पतसंस्थेचा सभासद, केडगाव (ता. दौंड)