चोरीची प्रत म्हणजे बंड नव्हे

मक्तेदारीविरुद्धचे ठराव आपल्या कार्यालयांत ज्या संगणकावर लिहिले जातात, त्यावर बहुधा एखाद्या मक्तेदार कंपनीच्याच सॉफ्टवेअरची चोरीची प्रत असते. कोणी हटकले, तर ‘भांडवलदाराला छदामही दिला नाही’ असे अभिमानाने सांगितले जाते. हा अभिमान पोकळ आहे. चोरीची प्रत वापरणारा कार्यकर्ता पैसा देत नाही, पण सवय देतो. आणि मक्तेदारी सवयीवरच पोसली जाते. पक्षकार्यालयातून गेलेली फाइल नीट उघडावी म्हणून कामगार संघटनेला, शिक्षकाला, विद्यार्थ्याला तेच सॉफ्टवेअर घ्यावे लागते. बंडाच्या नावाने चाललेली ही मालकाची फुकट जाहिरात होय.

मूळ प्रश्न मालकीचा आहे. सॉफ्टवेअर एकदा तयार झाले, की त्याची आणखी एक प्रत काढण्याचा खर्च जवळजवळ शून्य असतो. तरीही वर्षानुवर्षे वर्गणी वसूल होते, तेव्हा ती श्रमाचे मोल न राहता खंड ठरते. ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा देणाऱ्या चळवळीच्या वारसांनी संगणकावर मात्र कूळ म्हणून नांदावे, यात कोणती सुसंगती? शिवाय कूळ केव्हाही बेदखल होऊ शकते. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाच्या निर्बंधांमुळे मायक्रोसॉफ्टने नायरा एनर्जी या भारतातील तेलशुद्धीकरण कंपनीच्या सेवा अकस्मात थांबवल्या. कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतल्यानंतर त्या पूर्ववत झाल्या. बलाढ्य कंपनीची ही गत, तर ऐन संपात एखाद्या संघटनेची काय होईल?

पर्याय हवेतला नाही. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा जगासाठी खुला केला. येथे ‘मुक्त’ म्हणजे केवळ मोफत नव्हे. सॉफ्टवेअर चालवावे, अभ्यासावे, बदलावे आणि वाटावे, हा वापरणाऱ्याचा हक्क आहे. १९८९ च्या ग्नू परवान्याची अट अशी, की जो सुधारून वाटेल त्याने पुढच्यालाही हाच हक्क द्यावा.

कार्यकर्त्यांनी पुढील साधने निःशंकपणे हाती घ्यावीत. पत्रव्यवहार व हिशेबासाठी लिब्रेऑफिस. पत्रके व पुस्तिकांच्या मांडणीसाठी स्क्रायबस, मात्र देवनागरी जोडाक्षरांसाठी १.६ वा पुढील आवृत्ती, भित्तिपत्रकांसाठी इंकस्केप, अक्षरांसाठी ‘मुक्त’ हा मुंबईत घडलेला खुला टंक. जुनी छापील पत्रके टेसरॅक्ट मराठीतही वाचून देते; मुद्रिते तपासण्याचे कष्ट मात्र चुकत नाहीत. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला, म्हणून कार्यालयातील धडधाकट यंत्रे भंगारात काढण्याचे कारण नाही. त्यांवर लिनक्स मिंट बसवावे.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा, की बड्या कंपन्याही मुक्त सॉफ्टवेअरवर नफा कमावतात. खरे आहे, गूगलचे अँड्रॉइड लिनक्सच्याच गाभ्यावर उभे आहे. पण सार्वजनिक रस्त्यावरून कारखानदाराच्या मालमोटारी धावतात, म्हणून रस्ता त्याच्या नावे करून देण्याची मागणी कोणी करत नाही. दुसरा आक्षेप असा, की हे शिकायला अवघड आहे. केरळने २००१ मध्ये आयटी@स्कूल प्रकल्प सुरू केला आणि पुढे सरकारी शाळांतील शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर आणले. शाळकरी मुलांना जे जमले, ते चळवळीत केस पिकलेल्यांना जमणार नाही, हा आक्षेप नव्हे, आळस आहे.

तेव्हा प्रत्येक जिल्हा शाखेने निदान एका यंत्रापासून प्रारंभ करावा, एका तरुण सहकाऱ्याला ते शिकवण्याची जबाबदारी द्यावी, आणि वाचलेल्या पैशाचा काही भाग ही साधने घडवणाऱ्यांना देणगी म्हणून पाठवावा. चोराला मालकी बदलता येत नाही. ती बदलण्यासाठी मालमत्ता सर्वांची करावी लागते.