शस्त्रक्रियेआधी विचारायचे प्रश्न

बायपासनंतर आपण काय मोजतो ते डिस्चार्ज कार्डावर दिसते: ग्राफ्ट किती, व्हेंटिलेटर किती तास, इजेक्शन फ्रॅक्शन किती, पुढची तपासणी कधी. माणूस पुन्हा शेतावर गेला का, रात्री कुशीवर झोपू शकतो का, दम लागेल या भीतीने जिना टाळतो का, याची एक ओळही कुठे नसते. एनवायएचए श्रेणी आपण लिहितो खरी, पण १९२८ पासून चालत आलेल्या त्या चार पायऱ्या डॉक्टरने ठरवलेल्या असतात. रुग्णाचे स्वतःचे म्हणणे त्यात येत नाही.

साधनांची वाण नाही. जॉन स्पर्टस यांची सिएटल अंजायना प्रश्नावली १९९५ मध्ये आली. तिचे १९ प्रश्न आहेत आणि सात प्रश्नांचे लघुरूपही आहे. हृदय कमजोर असलेल्यांसाठी कॅन्सस सिटी प्रश्नावली आहे. तिचे गुण शून्य ते शंभर असतात आणि साधारण पाच गुणांचा फरक रुग्णाला जाणवतो असे मानतात. ओपीडीत बाकावर बसल्या बसल्या लघुरूप भरून होते.

मात्र केव्हा विचारले, याला फार महत्त्व आहे. बायपास आणि अँजिओप्लास्टीची तुलना करणाऱ्या सिंटॅक्स चाचणीतील रुग्णांच्या जगण्याच्या दर्जाचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या महिन्यात शारीरिक क्षमतेत अँजिओप्लास्टीचे रुग्ण पुढे होते; सहा महिन्यांनी आणि वर्षाने छातीतल्या दुखण्यापासून मिळालेला आराम बायपासवाल्यांना थोडा जास्त होता. छातीचे हाड अजून सांधत असताना एकदाच विचारून थांबलो, तर आपल्याच शस्त्रक्रियेविषयी चुकीचे मत होईल. आणि आधीचा आकडा नसेल तर वर्षानंतरच्या ७० गुणांना काही अर्थ नाही. तो माणूस ४० वरून चढला की ८५ वरून घसरला, हे कसे कळणार? तातडीच्या केसेस सोडल्या तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या मंजुरीसाठी रुग्ण थांबलेला असतो, तेव्हा या प्रश्नांसाठी दहा मिनिटे नक्की काढता येतात.

प्रश्न शल्यचिकित्सकाने विचारू नयेत. ज्याने छाती उघडून जीव वाचवला त्याला रुग्ण ‘बरं आहे साहेब’ असेच सांगणार. सिस्टर किंवा फिजिओथेरपिस्टने विचारावे, तेही नातेवाईक जवळ नसताना. बाईच्या वतीने मुलगा उत्तरे देऊ लागला, की जे भरले जाते ते मुलाचे मत असते.

एसएफ-३६ या प्रश्नावलीत मध्यम श्रमाचे उदाहरण म्हणून गोल्फ आणि व्हॅक्यूम क्लीनर येतात. आपला रुग्ण पाण्याची कळशी उचलतो, उकिडवा बसतो, लोकलच्या पुलाचा जिना चढतो. तरीही मूळ प्रश्न मनाने बदलू नयेत; बदलले की इतरांशी तुलना संपते. परवाना घेऊन तपासलेली मराठी आवृत्ती वापरावी आणि कळशीचा प्रश्न वेगळा जोडावा. संधिवाती हृदयविकाराने झडप बदललेल्या तरुण स्त्रीचे प्रश्न तर या साच्यांत फारसे बसतच नाहीत: वॉरफरिन, दर महिन्याची आयएनआर तपासणी, मूल होऊ द्यायचे की नाही. ते स्वतंत्रपणे विचारावेच लागतील.

मनाची अवस्थाही विचारायलाच हवी. ड्यूक विद्यापीठातील ८१७ बायपास रुग्णांच्या २००३ मधील अभ्यासात, शस्त्रक्रियेच्या वेळी मध्यम ते तीव्र नैराश्य असलेल्यांमध्ये पुढे मृत्यूचा धोका दुपटीहून अधिक आढळला. चांगला चाललेला ग्राफ्ट पाहून आपण हे रुग्ण घरी पाठवतो.

या मासिकाकडे शस्त्रक्रियांचे निष्कर्ष पाठवणाऱ्यांना विनंती आहे. आधीचे आणि वर्षानंतरचे गुण द्या, आणि वर्षाने किती रुग्ण सापडलेच नाहीत तेही लिहा. तपासणीला परत येणारे बहुधा बरे असलेले असतात. जे आले नाहीत त्यांना फोन करा.