दातांचा हिशेब झाला, बुडालेल्या मजुरीचा कधी?

नोव्हेंबर २०२३ मध्ये पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने १९३ याचिका एकत्र निकाली काढताना भरपाईचा एक दर ठरवून दिला. कुत्रा चावला तर दाताच्या प्रत्येक खुणेमागे किमान दहा हजार रुपये. मांस तुटलं असेल तर जखमेच्या दर ०.२ सेंटिमीटरमागे किमान वीस हजार. यावर बरेच लोक हसले. आता पट्टी घेऊन दात मोजत बसा, वगैरे. कुत्र्याची भीती ज्यांना मोटारीच्या काचेआडूनच माहीत आहे त्यांना हसू येणारच. मला मात्र तो निकाल महत्त्वाचा वाटतो, आणि अपुराही.

महत्त्वाचा अशासाठी, की भरपाईची पहिली जबाबदारी त्याने सरकारवर टाकली. सरकारने आधी पैसे द्यायचे, मग कसूर करणाऱ्या यंत्रणेकडून किंवा कुत्र्याच्या मालकाकडून वसूल करायचे. प्रत्येक जिल्ह्यात उपायुक्ताच्या अध्यक्षतेखाली समिती, अर्जावर चार महिन्यांत निर्णय, पोलिसांनी रोजनाम्यात नोंद घेणं, हे सगळं त्यात आहे. पाय रक्ताळलेल्या माणसाने 'हा कुत्रा कोणाचा' असं विचारत दारोदार फिरायचं नाही.

आता ऑगस्ट २०२५ आठवा. सर्वोच्च न्यायालयाने ११ तारखेला दिल्ली आणि परिसरातले सगळे भटके कुत्रे निवाऱ्यात न्यायला सांगितलं आणि २२ तारखेला तो आदेश बदलला. नसबंदी आणि लसीकरण झालेले कुत्रे, पिसाळलेले आणि आक्रमक वगळता, जिथून उचलले तिथे परत सोडायचे ठरले. मधल्या अकरा दिवसांत देशभर चर्चा झाली. एका बाजूला श्वानप्रेमी, दुसऱ्या बाजूला रहिवासी संघटना. दोघांच्याही सोसायटीला फाटक, फाटकावर रखवालदार. पहाटे साडेपाचला झाडू घेऊन निघणारी बाई आणि पाठीवर गोणी टाकून उकिरडा उपसणारं पोर या चर्चेत पुराव्यापुरतं आलं, पक्षकार म्हणून आलं नाही. त्याच आदेशात न्यायालयात आलेल्या श्वानप्रेमींना प्रत्येकी पंचवीस हजार आणि संस्थांना दोन लाख रुपये भरायला सांगितलं, नाहीतर पुढे सुनावणीत हजर राहता येणार नाही. ते पैसे कुत्र्यांच्या सोयींसाठी. चावा बसलेल्यांसाठी अशी पेटी कोणी ठेवली?

कुत्रा जात बघून चावत नाही, असं मला एका सुशिक्षित मित्राने सुनावलं. खरंय. पण कुत्रे जमतात उघड्या कचऱ्यावर, आणि कचरा साठतो तो आपल्या वस्तीच्या तोंडाशी, कारण घंटागाडी आत येत नाही. कचरा उचलणं पालिकेचं काम. कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण हेही नियमांनुसार स्थानिक संस्थेचंच काम, २००१ पासून, आणि २०२३ च्या नव्या नियमांतही. म्हणजे एकाच पालिकेने दोनदा काम चुकवलं की एक चावा तयार होतो. तो कोणाच्या पोटरीत बसेल हे पहाटे रस्त्यावर कोण असतं यावर ठरतं. कोण असतं, हे वेगळं सांगायला नको.

संशोधनाच्या कामात भेटलेल्या एका कंत्राटी सफाई कामगार बाईंचा हिशेब सांगते. लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळाली. पण पहिला दिवस, तिसरा, सातवा, अठ्ठाविसावा, असे चार खाडे. शिवाय सुजलेल्या पायाने घरी बसलेले पाच दिवस. नऊ दिवसांची मजुरी कंत्राटदाराने कापली. कामावर असताना झालेली इजा म्हणून त्याच्याकडेही दावा करता येतो, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. पोटरीवर तीन खुणा होत्या. पंजाबात किंवा हरियाणात असत्या तर किमान तीस हजार. त्यांच्या राज्यात शून्य.

माझा आक्षेप इथेच आहे. अज्ञात वाहनाने उडवलं तर देशभर एकच योजना आहे: मृत्यूला दोन लाख, गंभीर दुखापतीला पन्नास हजार. कुत्र्याच्या चाव्याला राज्य बदललं की किंमत बदलते. केरळात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये समिती नेमली म्हणून तिथे दाद मागायला जागा तरी झाली. इतरत्र बहुतेक ठिकाणी उच्च न्यायालयात रिट याचिका करा किंवा दिवाणी दावा लावा. २०२४ मध्ये केंद्राच्या नोंदीत ३७ लाखांहून जास्त चावे आणि रेबीजचे ५४ संशयित मृत्यू आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीचा अंदाज मात्र वर्षाला पाच हजार सातशेच्या वर मृत्यू असा आहे. नोंदच नाही तिथे वारसाने भरपाई कोणत्या कागदावर मागायची?

आणि दातांचा दर लागू झाला तरी त्यात मजुरी कुठे आहे? रोजंदारीवाल्याकडे पगाराची चिठ्ठी नसते, म्हणून त्याचं नुकसान मोजायचंच नाही, हा सरकारी शहाणपणा मोडायला हवा. किमान वेतनाचे दर सरकारच जाहीर करतं. तोच दर गुणिले बुडालेले दिवस, खुणांच्या रकमेवर वेगळा. हे गणित कोणत्याही समितीला जमेल.

घरातले पहिले पदवीधर म्हणून वस्तीतले अर्ज आपल्याकडेच येतात. तेव्हा हे करा. जखम साबणाने पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवायला लावा, मग दवाखाना. केसपेपरवर 'कुत्र्याचा चावा', तारीख आणि जखमांची संख्या लिहून घ्या. जखमेचा फोटो काढा. पोलीस ठाण्यात लेखी नोंद करा. पाळीव कुत्रा असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ दाखवा, मालकाला सहा महिने कैद किंवा पाच हजार दंड होऊ शकतो. पालिकेच्या नावाने अर्ज द्या, मजुरीचे दिवस त्यात मांडा. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नका: १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला, तसंच स्त्रियांना आणि मुलांना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात असतं. तिथला कारकून उत्पन्नाचा दाखला मागेल. देऊ नका, कलम दाखवा, आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्का मारून घेतल्याशिवाय उठू नका.