ठिणगीनंतरही चालणारा स्नायू

वर्धा जिल्ह्यातील आंजी (मोठी) येथे सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचे ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्र आहे. कापूस आणि सोयाबीन ही या पट्ट्याची पिके. मळणीयंत्रात हात सापडून बोटे वा पंजा गमावण्याचे अपघात विदर्भाला नवे नाहीत. हात गेला की सारे घरच अडते. विजेवर चालणारे कृत्रिम हात मिळतात, पण ते लहान मोटारींवर चालत असल्याने जड असतात आणि महागही. म्हणूनच खऱ्या स्नायूसारखा मऊ आणि हलका पदार्थ घडविण्याचा प्रयत्न जगभरच्या प्रयोगशाळांत चालू आहे.

अशा पदार्थाची रचना साधी असते. रबरासारख्या पातळ पटलाच्या दोन्ही बाजूंना ताणले जाणारे विद्युतवाहक थर असतात. वीज दिली की दोन थरांवरील विरुद्ध भार एकमेकांना ओढतात आणि मधले पटल दाबले जाऊन पसरते. वीज काढली की ते पूर्ववत होते. रबराच्या पट्टीवरील हा परिणाम रंटगेन यांनी 1880 मध्ये नोंदविला होता. पुढे 2000 साली अमेरिकेतील एसआरआय इंटरनॅशनल या संस्थेच्या संशोधकांनी शंभर टक्क्यांहून अधिक ताणले जाणारे पटल दाखविले आणि या विषयाला वेग आला.

अडचण मात्र तेथेच उभी राहिली. या स्नायूला प्रवाह अत्यल्प लागला तरी दाब हजारो व्होल्टचा लागतो. पटलात एखादा धूलिकण किंवा हवेचा बुडबुडा राहिला, तर नेमक्या त्या ठिकाणी ठिणगी पडते, पटल जळून भोक पडते आणि सुईच्या टोकाएवढ्या दोषापायी सारा स्नायू निकामी होतो. दमट हवेत त्याचे आयुष्य आणखी घटते. मग विदर्भाच्या पावसाळ्यात त्याचा भरवसा कोणी धरावा?

यावरील एक उपाय घरातल्या पंख्याच्या कंडेन्सरमध्ये आधीपासूनच आहे. त्यातील पटलावर धातूचा अतिशय पातळ थर असतो. ठिणगी पडली की भोकाभोवतीचा तेवढाच थर उडून जातो, दोषाची जागा वेगळी पडते आणि कंडेन्सर चालू राहतो. 2008 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी कार्बनच्या सूक्ष्म नलिकांचा थर देऊन कृत्रिम स्नायूतही हेच साधले.

दुसरा उपाय गावाबाहेरच्या डीपीत सापडतो. रोहित्रात तेल भरण्याचे एक कारण असे की, ठिणगी पडून गेल्यावर तेल पुन्हा त्या जागी वाहून येते. घन पदार्थाला पडलेले भोक तसे भरत नाही. 2018 मध्ये कोलोरॅडो विद्यापीठातील क्रिस्टोफ केप्लिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लवचीक पिशवीत रोहित्राचे वनस्पतीजन्य तेल भरून स्नायू तयार केला. त्याच्या तेलात 50 वेळा ठिणगी पडू दिली, तरी तो काम करीत राहिला. अशी वनस्पतीजन्य तेले सोयाबीनपासूनही बनतात. ज्या पिकाच्या मळणीत हात जातो, त्याच पिकाचे तेल उद्या कृत्रिम हाताच्या कामी येणे अशक्य नाही.

अर्थात तेलाने सारे प्रश्न सुटत नाहीत. पिशवीचे बाह्य पटलच फुटले तर तेल गळते. शिवाय हजारो व्होल्टचे साधन माणसाच्या अंगाजवळ वापरायचे, तर त्याचे वेष्टनही तितकेच निर्धोक असावे लागते. प्रयोगशाळेतील काही तासांचे यश आणि शेतकऱ्याच्या मनगटावरील काही वर्षांचे काम यांत मोठे अंतर आहे.

तरीही दृष्टीतला बदल महत्त्वाचा आहे. आधी प्रयत्न असा होता की, दोष राहूच नये. आता दोष राहणारच असे धरून त्याचे नुकसान त्याच्या जागीच रोखले जाते. एक उधारी बुडाली म्हणून दुकान बंद पडू नये, अशी व्यवस्था जाणता व्यापारी आधीच करून ठेवतो. विश्वासार्ह स्नायूची घडणही त्याच शहाणपणावर उभी राहत आहे.