स्वस्त वस्तू, महाग टपालखर्च

ऑनलाइन बाजारपेठेत ५० रुपयांच्या वस्तूसाठी तिच्या किमतीहून अधिक वितरण शुल्क भरावे लागले, की ग्राहकाचा रोष स्वाभाविक असतो. मात्र हा सारा आकार अवाजवी म्हणता येत नाही. कुरिअर कंपन्या साधारणतः पहिल्या ५०० ग्रॅमसाठी किमान दर आकारतात. साहजिकच सुयांच्या पाकिटालाही पुस्तकाएवढाच खर्च येतो.

प्रश्न उद्भवतो तो या शुल्कात नफा दडवला जातो तेव्हा. अमेरिकेत ‘ईबे’ या संकेतस्थळावर विक्रेत्यांकडून घेतले जाणारे विक्री-कमिशन पूर्वी केवळ वस्तूच्या किमतीवर आकारले जात असे. त्यामुळे अनेकांनी किंमत नाममात्र ठेवून टपालखर्च फुगवला. वस्तू स्वस्त भासे आणि कमिशनही वाचे. २००८ मध्ये ‘ईबे’ने काही वर्गांतील वस्तूंच्या टपालखर्चावर कमाल मर्यादा घातली. २०११ मध्ये कमिशन टपालखर्चावरही लागू झाले आणि या क्लृप्तीतला लाभच उरला नाही.

भारतात २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियमांनुसार वितरण शुल्कासह एकूण किंमत तपशीलवार दर्शवणे विक्रेत्यांना बंधनकारक आहे. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अधिसूचित झालेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी, आधी न सांगितलेले शुल्क खरेदीच्या अखेरच्या टप्प्यावर जोडण्याची गणना फसव्या प्रथांमध्ये केली आहे. शुल्क किती असावे, याविषयी मात्र दोन्हींत मर्यादा नाही. वस्तू परत केल्यावर तिची किंमत मिळाली, तरी वितरण शुल्क अनेकदा मिळत नाही. आणि नाममात्र किमतीच्या खरेदीत ग्राहकाचे बहुतांश पैसे त्या शुल्कातच गेलेले असतात.