चित्रपट दाखवावा, पण तपासण्यासाठी



‘हॉटेल रवांडा’ इतिहासाशी प्रामाणिक नाही, म्हणून तो अकरावी-बारावीच्या वर्गात दाखवू नये, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत अर्धेच पटते. रवांडातील १९९४च्या वंशसंहारावरील २००४च्या या चित्रपटातील नायकाचे चित्रण कथेतील हॉटेलात तेव्हा आश्रय घेतलेल्या अनेकांनी नाकारले आणि त्यातील शांतिसेनेचे अधिकारी कर्नल ऑलिव्हर हे पात्र काल्पनिक आहे, हे खरेच. पण म्हणूनच तो वर्गात हवा. पडद्यावरची कथा आणि बचावलेल्यांच्या साक्षी शेजारी ठेवल्या, की ऐतिहासिक साधन पारखायचे कसे, हे विद्यार्थ्यांना कळते. निर्दोष चित्रपटाची वाट पाहिली, तर हा विषय शिकवलाच जाणार नाही.

चित्रपटात हिंसा आहे, हा आक्षेपही टिकत नाही. दिग्दर्शक टेरी जॉर्ज यांनी कत्तल बरीचशी पडद्याआड ठेवली आहे. खरी उणीव वंशसंहाराच्या कारणांची आहे आणि ती शिक्षकाने भरून काढावी. रवांडातील बेल्जियन राजवटीने १९३०च्या दशकात ओळखपत्रांवर हुतू-तुत्सी अशी वांशिक नोंद आणली. १९९४मध्ये नाक्यानाक्यांवर तीच नोंद जीवघेणी ठरली. आरटीएलएम रेडिओने तुत्सींना ‘झुरळे’ म्हटले. कत्तल सुरू असतानाच संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने तिथली शांतिसेना सुमारे २७०पर्यंत घटवण्याचा ठराव केला. सुमारे शंभर दिवसांत अंदाजे आठ लाख माणसे मारली गेली, ती अचानक भडकलेल्या रागातून नव्हे, तर पूर्वतयारीतून. ही तयारी ओळखायला शिकवणे हाच या पाठाचा हेतू. शाळांनी चित्रपट जरूर दाखवावा. मात्र चर्चेच्या तासिकेशिवाय मुळीच दाखवू नये.